आश्रयार्थ्यांबद्दल लोकांना काय वाटते हे मोजायचे कसे? सर्वेक्षणातील प्रयोगांची पहिली ओळख

"आश्रय मागायला आलेल्या लोकांना आपल्या देशात राहू द्यावे का?" असा प्रश्न हजार जणांना विचारला आणि समजा ४५ टक्के लोक 'हो' म्हणाले. या आकड्यातून काय कळले? उत्तर देताना एकाच्या डोळ्यांसमोर बॉम्बहल्ल्यात घर गमावलेली शिक्षिका होती, तर दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर कामाच्या शोधात सीमा ओलांडणारा तरुण. तिसऱ्याला मनातून 'नाही' म्हणायचे होते, पण समोर बसलेल्या प्रश्नकर्त्याला आपण कठोर वाटू नये म्हणून तो 'हो' म्हणाला. चौथीला आश्रयार्थी आणि स्थलांतरित यांतला फरक ठाऊक नव्हता. हे सगळे त्या ४५ मध्ये मिसळून गेले आहे. आकडा कितीही पिळला तरी ते आता वेगळे निघणार नाही.

सर्वेक्षणात प्रयोग घालतात तो यासाठी. सगळ्यांना एकच प्रश्न न विचारता त्याची दोन किंवा अधिक रूपे तयार करायची आणि कोणाला कोणते रूप जाईल हे संगणकाने नाणे उडवल्यासारखे ठरवायचे. वय, शिक्षण, राजकीय कल, स्वभाव या सगळ्या बाबतींत दोन्ही गट सरासरीने सारखे पडतात. म्हणून उत्तरांत फरक दिसला, तर तो प्रश्नात आपण बदललेल्या गोष्टीमुळेच, असे धरता येते (योगायोगाने किती फरक पडू शकतो, याकडे पुढे येऊ).

यातून निघणारी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्यावर टेकलेला आहे. प्रयोग फरक मोजतो. 'किती लोकांना आश्रयार्थी हवेत' याचे उत्तर तो देत नाही. 'अमुक गोष्ट बदलली तर पाठिंबा कितीने बदलतो' याचे उत्तर देतो. त्यामुळे कामाला लागण्यापूर्वी स्वतःला विचारायचा प्रश्न असा: फरक, पण कशाच्या तुलनेत?

आधी शब्द पक्के करा

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारात निर्वासिताची व्याख्या पाच कारणांशी बांधलेली आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व आणि राजकीय मत. यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी सार्थ भीती असल्यामुळे स्वतःच्या देशाबाहेर असलेली व्यक्ती म्हणजे निर्वासित. आश्रयार्थी म्हणजे जिने संरक्षण मागितले आहे, पण जिच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही अशी व्यक्ती. स्थलांतरित हा शब्द या दोन्हींपेक्षा कितीतरी मोठा आहे; त्यात नोकरीसाठी, शिक्षणासाठी, लग्नासाठी गेलेलेही येतात.

हा फरक कायद्याच्या पुस्तकापुरता नाही. प्रश्नात 'निर्वासित' लिहिले, 'आश्रयार्थी' लिहिले की 'बेकायदा आलेले लोक' लिहिले, यावर उत्तर हलू शकते. किंबहुना पहिला प्रयोग करायचा असेल तर हाच करा: एका गटाला एक शब्द, दुसऱ्याला दुसरा, बाकी वाक्य अक्षरशः तेच. शब्दाचे वजन किती, ते थेट हाती येते. तुमचा विषय मात्र शब्दाचा परिणाम हा नसेल, तर एकच शब्द निवडा, सर्व उत्तरदात्यांना त्याचा अर्थ दोन साध्या वाक्यांत सांगा आणि प्रश्नावलीत शेवटपर्यंत तोच वापरा.

प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेणार असाल तर भाषांतर करणारा एक आणि ते मूळ भाषेत उलट आणणारा दुसरा, असे दोघे लागतात. 'छळ' हा शब्द एका भाषेत राजकीय अत्याचाराकडे जातो, दुसरीत घरगुती त्रासाकडे. असा शब्द निसटला तर दोन देशांतला फरक म्हणून तुम्ही जे छापाल, तो खरे तर दोन शब्दांतला फरक असेल.

कोणत्या प्रश्नाला कोणता प्रयोग

शब्दबदलाचा प्रयोग वर आलाच. त्याच्या पुढची पायरी म्हणजे छोटी कथा. एका आश्रयार्थ्याचे चार ओळींचे वर्णन द्यायचे आणि त्यातली एक किंवा दोन तथ्ये बदलायची. वाचायला सोपे, समजायला सोपे, मुलाखत समोरासमोर असेल तर वाचून दाखवायलाही सोपे.

तिसरा प्रकार माहितीचा. अर्ध्या लोकांना एखादी खरी माहिती द्यायची, अर्ध्यांना द्यायची नाही, आणि मग सर्वांचे मत विचारायचे. नवख्या माणसाला हा प्रकार फार मोहात पाडतो. लोकांना खरे आकडे सांगितले की त्यांचे मत मवाळ होईल, अशी आशा त्यामागे असते. अमेरिकेत डॅनियल हॉपकिन्स, जॉन साइड्स आणि जॅक सिट्रिन यांनी स्थलांतरितांच्या संख्येबाबत असे सात प्रयोग केले. लोक स्थलांतरितांचे लोकसंख्येतले प्रमाण फुगवून सांगत होते. बरोबर आकडा दिल्यावर त्यांचा अंदाज सुधारला, पण स्थलांतराबद्दलचे मत फारसे हलले नाही. म्हणून माहितीच्या प्रयोगात नेहमी दोन गोष्टी मोजा: माहिती डोक्यात शिरली का, आणि मत बदलले का. पहिली मोजलीच नाही, तर 'परिणाम शून्य' याचा अर्थ लोकांनी वाचले नाही असा की वाचूनही फरक पडला नाही असा, हे कधीच कळणार नाही. आधीचा अंदाज विचारायचा असेल तर तो दोन्ही गटांना विचारा. अंदाज करायला लावणे हीसुद्धा माणसाला विषयाकडे वळवणारी गोष्ट आहे.

चौथा प्रकार भावनेचा किंवा दृष्टिकोनाचा. क्लेअर अदिदा, अॅडलिन लो आणि मेलिना प्लाटास यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी नागरिकांना स्वतः निर्वासित असल्याची कल्पना करायला सांगितले: काय बरोबर घ्याल, कुठे पळाल? त्यानंतर सीरियन निर्वासितांच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिण्याची तयारी थोडी वाढली. मला यातली पत्राची कल्पना फार मोलाची वाटते. 'तुम्हाला किती सहानुभूती वाटते' या प्रश्नाला आकडा देणे फुकट असते. पत्र लिहायला वेळ द्यावा लागतो. तुमच्या प्रयोगात अशी एखादी लहानशी कृती घालता आली तर जरूर घाला. परिणाम किती दिवस टिकला, हे पाहायला काही आठवड्यांनी त्याच लोकांकडे परत जावे लागते. लेखकांनी आपल्या शीर्षकातच 'अल्पकालीन' हा शब्द ठेवला, हा प्रामाणिकपणा उचलण्यासारखा आहे.

उरले दोन प्रकार: यादीचा प्रयोग आणि कॉन्जॉइंट, म्हणजे अनेक गुणविशेष एकाच वेळी बदललेल्या दोन वर्णनांतून एक निवडायला लावणारा प्रयोग. या विषयात ज्यावर सर्वाधिक भर असतो तो कॉन्जॉइंट, म्हणून तो आधी आणि सविस्तर.

कॉन्जॉइंट: दोन माणसे शेजारी शेजारी

मूळ कल्पना गणिती मानसशास्त्रातली, १९६४ मध्ये लूस आणि ट्युकी यांनी मांडलेली. पुढे ती बाजारपेठेच्या संशोधनात रुजली. ग्राहकाला गाडीचा रंग महत्त्वाचा की किंमत, हे थेट विचारण्याऐवजी दोन गाड्या समोर ठेवून एक निवडायला सांगायची. येन्स हाइनम्युलर, डॅनियल हॉपकिन्स आणि तेप्पेई यामामोतो यांनी २०१४ मध्ये तिला राज्यशास्त्रातल्या प्रयोगांसाठी पक्का सांख्यिकी पाया दिला.

आपल्या विषयातले सर्वांत ठळक उदाहरण २०१६ चे आहे. २०१५ मध्ये युरोपीय संघात आश्रयासाठी प्रथमच अर्ज करणाऱ्यांची संख्या १२ लाखांवर गेली होती. त्या पार्श्वभूमीवर कर्क बॅन्सॅक, हाइनम्युलर आणि डॉमिनिक हँगार्टनर यांनी १५ युरोपीय देशांतल्या सुमारे १८,००० मतदारांना काल्पनिक आश्रयार्थ्यांच्या जोड्या दाखवल्या. प्रत्येकाला पाच जोड्या, म्हणजे दहा व्यक्ती. एकूण १,८०,००० वर्णने. प्रत्येक व्यक्तीचे नऊ गुणविशेष होते: वय, लिंग, मूळ देश, धर्म, पूर्वीचा व्यवसाय, यजमान देशाची भाषा किती येते, देश सोडण्याचे कारण, जबाबात विसंगती आहे का, आणि छळ किंवा कुटुंब गमावणे यांसारखी विशेष दुर्बलता. प्रत्येक गुणविशेषाचे मूल्य संगणकाने रँडम निवडलेले.

निष्कर्ष तीन दिशांनी आले. समाजाला आर्थिक हातभार लावू शकतील असे, छळ किंवा मोठे दुःख भोगलेले, आणि मुस्लिमांऐवजी ख्रिस्ती असलेले आश्रयार्थी लोकांना अधिक स्वीकारार्ह वाटले. बाकी सगळे सारखे ठेवले तर मुस्लिम अर्जदार निवडला जाण्याची शक्यता ख्रिस्ती अर्जदारापेक्षा सुमारे ११ टक्केबिंदूंनी कमी होती. राजकीय, धार्मिक किंवा वांशिक छळाऐवजी केवळ बऱ्या कमाईसाठी आलेल्यांना सुमारे १५ टक्केबिंदूंचा फटका बसला.

'तुम्ही मुस्लिम आश्रयार्थ्यांना कमी लेखता का?' असे थेट विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते, याची कल्पना करा. जोडीतून निवडताना मात्र उत्तरदात्याकडे नऊ कारणे असतात. आपण धर्मामुळे निवडले की भाषेमुळे, हे कोणाला सांगावे लागत नाही, कधी कधी त्याचे त्यालाही नेमके सांगता येणार नाही. अवघड गोष्टी मोजण्याची कॉन्जॉइंटची ताकद इथून येते.

आता तुमचा कॉन्जॉइंट बांधायला घ्या.

गुणविशेष निवडताना हात आखडता ठेवा. सहा ते नऊ पुरे. प्रत्येकामागे तुमचा एक स्पष्ट प्रश्न हवा: 'व्यवसाय' घेतला तो आर्थिक भाराची भीती तपासायला, 'दुर्बलता' घेतली ती करुणा तपासायला. कारण सांगता येत नसेल तो गुणविशेष काढून टाका. मात्र एक सावधगिरी हवी. एखादी गोष्ट सांगितली नाही तर माणूस ती स्वतः भरून काढतो. मूळ देश दिला आणि धर्म दिला नाही, तर वाचणारा देशावरून धर्म गृहीत धरेल, आणि 'देशाचा परिणाम' म्हणून जे दिसेल त्यात धर्म लपलेला असेल. म्हणून ज्या दोन गोष्टी लोकांच्या मनात चिकटलेल्या असतात, त्या दोन्ही द्या.

गुणविशेषाची मूल्ये तेवढ्याच काळजीने लिहा. वयाला २१, ३८ आणि ६२ अशी तीन मूल्ये पुरतात; १८ ते ७० सगळी घेतली तर प्रत्येक वयाच्या वाट्याला मूठभर वर्णने येतील. मूल्ये एकाच पट्टीची असू द्या. 'शिक्षक', 'डॉक्टर', 'बेकार' हे चालेल. 'शिक्षक', 'कष्टाळू डॉक्टर', 'बेकार' हे चालणार नाही, कारण 'कष्टाळू' हा आता वेगळाच गुण आत शिरला.

अशक्य जोड्या रोखा, पण ज्या खरोखर अशक्य आहेत त्याच. १९ वर्षांचा अनुभवी सर्जन दिसला की उत्तरदात्याचा प्रश्नावलीवरचा विश्वास उडतो. याउलट, दुर्मीळ असणे म्हणजे अशक्य असणे नव्हे. अमुक देशातून आलेली ख्रिस्ती शेतकरी स्त्री तुम्हाला विरळ वाटत असेल, तरी ती राहू द्या; अशा वर्णनांमुळेच धर्माचा परिणाम देशापासून सुटा होतो. कोणत्या जोड्या रोखल्या, ते विश्लेषणात सांभाळावे लागते, म्हणून लगेच लिहून ठेवा.

गुणविशेषांचा क्रम उत्तरदात्यागणिक बदला, पण एकाच माणसासाठी पाचही जोड्यांत तोच ठेवा. नाहीतर प्रत्येक वेळी कोणती ओळ कुठे आहे हे शोधण्यातच त्याचा जीव जाईल. जोड्या किती? पाच ते आठ सोयीच्या पडतात. ऑनलाइन पॅनेलवर तीसपर्यंत जोड्या देऊनही उत्तरांचा दर्जा फारसा घसरला नाही, असे एका अभ्यासात दिसले आहे. पण ते पैसे घेऊन सर्वेक्षणे भरण्याची सवय असलेले लोक. घरी जाऊन घेतलेल्या मुलाखतीत मी पाचच्या पुढे जाणार नाही. तिथे वाचून दाखवण्याऐवजी दोन कार्डे शेजारी ठेवा, चित्रखुणा वापरा. नऊ गुण ऐकून लक्षात ठेवणे कोणालाच जमत नाही.

मग निवडीचा प्रश्न. दोन विचारा. पहिला सक्तीचा: 'या दोघांपैकी एकाच अर्जाला मंजुरी मिळणार असेल, तर कोणाच्या?' दुसरा पट्टीचा: प्रत्येकाला मंजुरी द्यावी असे किती वाटते, १ ते ७. दोन्ही का? सक्तीच्या प्रश्नात एकालाही घेऊ नये असे मानणाराही कोणाला तरी निवडतोच. त्यामुळे सरासरी रचनेनेच ५० टक्के येते. त्यावरून 'निम्मे लोक आश्रय द्यायला तयार आहेत' असे कोणी लिहिले, तर ती ढोबळ चूक आहे. एकूण विरोध किती, याचा थोडाफार अंदाज फक्त पट्टीच्या प्रश्नातून येतो.

अशा काल्पनिक निवडींचा खऱ्या वागण्याशी काही संबंध असतो का, हा प्रश्न प्रत्येक नवख्याने विचारलाच पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये त्याची विलक्षण पडताळणी झाली. तिथल्या काही नगरपालिकांत २००३ पर्यंत परदेशी रहिवाशांच्या नागरिकत्वाच्या अर्जावर गावकरी गुप्त मतदान करत, आणि मतदारांना अर्जदाराची माहिती देणारे छापील पत्रक आधी मिळे. हाइनम्युलर, हँगार्टनर आणि यामामोतो यांनी तेच गुणविशेष घेऊन सर्वेक्षण-प्रयोग केले आणि त्यांचे निकाल त्या खऱ्या मतदानाशी ताडून पाहिले. जोडीने दाखवलेल्या वर्णनांचा प्रयोग खऱ्या मतदानाच्या सर्वांत जवळ गेला. विद्यार्थ्यांच्या नमुन्यावर केलेला प्रयोग मात्र बराच दूर राहिला. हाताशी विद्यार्थी आहेत म्हणून त्यांच्यावरच प्रयोग उरकू पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

यादीचा प्रयोग, आणि त्याची किंमत

काही मते इतकी लाजेची असतात की ती जोडीतूनही नीट बाहेर येत नाहीत. तिथे यादी वापरतात. एका गटाला चार विधाने देऊन विचारायचे, 'यांपैकी किती विधानांशी तुम्ही सहमत आहात? कोणती ते सांगू नका, फक्त संख्या सांगा.' दुसऱ्या गटाला तीच चार आणि पाचवे नाजूक विधान, उदाहरणार्थ 'माझ्या शेजारी आश्रयार्थी राहायला आले तर मला आवडणार नाही'. समजा पहिल्या गटाची सरासरी २.१ आली आणि दुसऱ्याची २.४. फरक ०.३, म्हणजे सुमारे ३० टक्के लोक पाचव्या विधानाशी सहमत. कोण सहमत आहे हे कोणालाच कळत नाही, म्हणून माणूस मोकळेपणाने सांगतो.

युक्ती देखणी आहे, पण महाग. प्रत्येक गटात ५०० जण असतील आणि उत्तरांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, १ च्या आसपास असेल, तर त्या ३० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना जवळपास १२ टक्क्यांची अनिश्चितता येते. खरा आकडा १८ असू शकतो किंवा ४२. हजार माणसे गाठून एवढेच कळत असेल, तर आधी विचार करा.

शिवाय चार साध्या विधानांची निवड नीट हवी. एखाद्याला चारही पटत असतील तर पाचवे पटल्यावर त्याला 'पाच' म्हणावे लागते आणि त्याचे गुपित उघडे पडते. म्हणून एक विधान जवळजवळ सर्वांना पटणारे, एक जवळजवळ कोणालाच न पटणारे, आणि उरलेली दोन अशी, की एक पटले तर दुसरे सहसा पटत नाही. असे केल्याने सरासरीचा विखुरलेपणाही आटोक्यात राहतो.

किती माणसे लागतील?

हा हिशेब सर्वेक्षण सुरू करण्यापूर्वी करायचा असतो. साध्या दोन गटांच्या प्रयोगात हो-नाहीचा प्रश्न असेल, पाठिंबा ५० टक्क्यांच्या आसपास असेल आणि तुम्हाला ५ टक्केबिंदूंचा फरक पकडायचा असेल, तर नेहमीच्या निकषांनी (८० टक्के शक्ती, म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता; ५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे फरक नसताना तो आहे असे वाटण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे १,५७० माणसे लागतात. म्हणजे एकूण तीन हजारांवर. प्रत्येक गटात ५०० असतील तर ६ टक्केबिंदूंपेक्षा लहान फरक योगायोगातून वेगळा ओळखता येत नाही.

कॉन्जॉइंट इथे उदार आहे. १,००० जणांनी पाच जोड्या पाहिल्या तर १०,००० वर्णने मिळतात. धर्माची तीन मूल्ये असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३,३००. दोन मूल्यांतल्या फरकाची अनिश्चितता साधारण २.४ टक्केबिंदू. मूळ देशाची सात मूल्ये असतील तर तीच ३.७ वर जाते. मूल्ये कमी ठेवा असे वर म्हटले, त्याचे हे दुसरे कारण. वृद्ध आणि तरुण उत्तरदात्यांची तुलना करायची असेल तर नमुना निम्मा होतो, हेही आत्ताच लक्षात घ्या.

रंगीत तालीम आणि पूर्वनोंदणी

तीस-चाळीस जणांवर प्रश्नावली आधी चालवून पाहा. त्यांतल्या दहा जणांशेजारी स्वतः बसा आणि त्यांना मोठ्याने विचार करत उत्तरे द्यायला सांगा. 'जबाबात किरकोळ विसंगती' याचा अर्थ कोणी 'खोटारडा' असा घेतो, कोणी 'घाबरलेला' असा. हे तुम्हाला आकड्यांतून कधीच दिसणार नाही.

त्याच वेळी यंत्र तपासा. रँडम वाटप खरोखर रँडम पडते का? प्रत्येक मूल्य अपेक्षेइतक्या वेळा येते का? कोणाला काय दाखवले याची नोंद डेटामध्ये उतरते का? शेवटची चूक सर्वांत क्रूर: सर्वेक्षण पार पडते, उत्तरे हातात असतात, आणि ती कोणत्या वर्णनाला दिली तेच माहीत नसते. ते परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही.

त्यानंतर, पहिले खरे उत्तर येण्यापूर्वी, तुमचा आराखडा एखाद्या सार्वजनिक नोंदवहीत टाका. ओपन सायन्स फ्रेमवर्क किंवा अॅजप्रेडिक्टेड दोन्ही चालतील. गृहीतके कोणती, मुख्य प्रश्न कोणता, कोणते उपगट पाहणार, कोणाला वगळणार. नऊ गुणविशेषांची पंचवीस-तीस मूल्ये आणि पाच उपगट असले की शंभरावर तुलना होतात, आणि निव्वळ योगायोगानेही काही तरी 'लक्षणीय' निघणारच. आधी लिहून ठेवले असेल तर शोधलेले आणि सापडलेले यांतला फरक वाचकाला दिसतो.

लक्ष तपासणारे प्रश्न घालणार असाल तर प्रयोगाच्या आधी घाला. प्रयोगानंतरच्या तपासणीत नापास झालेल्यांना गाळले, तर गाळणी दोन्ही गटांत सारखी पडेल याची खात्री नसते. करुण कथा वाचलेल्या गटातले लोक अधिक लक्ष देऊन वाचत असतील, तर गाळल्यानंतर उरलेले दोन गट आता सारखे नाहीत. नाणे उडवून कमावलेले सगळे तिथे निघून जाते.

आकडे वाचताना

साध्या प्रयोगाचे विश्लेषण म्हणजे दोन सरासरींची वजाबाकी. कॉन्जॉइंटमध्ये प्रत्येक वर्णन ही डेटाची एक ओळ असते. निवडले असेल तर १, नसेल तर ०, आणि त्यावर रिग्रेशन, म्हणजे प्रत्येक मूल्याने निवडीत किती फरक पडला याचा एकत्र हिशेब. एकाच माणसाच्या दहा ओळी एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे अनिश्चितता मोजताना उत्तरदात्यानुसार क्लस्टर करणे, म्हणजे एका माणसाच्या ओळी एकच गठ्ठा धरणे, सोडू नका. 'आर' या मोफत प्रणालीत 'क्रेग' नावाचे पॅकेज हे सगळे करते.

मिळणाऱ्या संख्येला सरासरी सीमांत परिणाम म्हणतात. 'मुस्लिम: उणे ११' याचा अर्थ, बाकी गुणविशेषांच्या सगळ्या जोड्यांवर सरासरी काढली असता, ख्रिस्ती या आधारमूल्याच्या तुलनेत ११ टक्केबिंदू कमी. आधारमूल्य बदलले की संख्या बदलते. एकाच समाजातले उपगट ताडताना हे विसरले तर सपशेल फसगत होते.

कल्पना करा, देश सोडण्याच्या कारणाची तीन मूल्ये आहेत: राजकीय छळ, युद्ध, कमाई. पहिल्या गटात ती निवडली जाण्याचे प्रमाण अनुक्रमे ६०, ५० आणि ४० टक्के. दुसऱ्या गटात तिन्ही ५०. राजकीय छळ आधार धरला तर 'युद्ध' या मूल्याचा परिणाम पहिल्या गटात उणे १०, दुसऱ्यात शून्य. यावरून कोणीही लिहील की पहिला गट युद्धातून आलेल्यांना अधिक विरोध करतो. प्रत्यक्षात दोन्ही गटांनी युद्धातून आलेल्यांना अगदी सारखेच, ५० टक्के वेळा निवडले आहे. फरक आधारमूल्यात होता. थॉमस लीपर, सारा हॉबोल्ट आणि जेम्स टिली यांनी २०२० मध्ये हा सापळा नीट उलगडून दाखवला. उपगटांची तुलना करताना परिणामांऐवजी सीमांत सरासरी, म्हणजे त्या मूल्याची वर्णने सरळ किती टक्के वेळा निवडली गेली, तीच मांडा.

दुसरा सापळा 'बहुसंख्यांना' या शब्दाचा. परिणाम उणे आहे म्हणजे बहुसंख्य लोकांना ते मूल्य नकोसे आहे, असे होत नाही. तीस टक्के लोकांना एखादी गोष्ट अतिशय खटकत असेल आणि सत्तर टक्क्यांना ती किंचित आवडत असेल, तरी सरासरी उणे येऊ शकते, कारण खटकणारे दरवेळी तिच्याच आधारे निवडतात आणि उरलेले इतर गुण पाहून.

सांगायचे काय, आणि कोणाला

इथे मला थोडे थांबायचे आहे. आश्रयाचा प्रश्न हा गाडीच्या रंगाचा प्रश्न नाही. १९५१ च्या कराराचे कलम ३ स्पष्ट सांगते की वंश, धर्म किंवा मूळ देश यांवरून भेदभाव न करता करार लागू करायचा. कॉन्जॉइंटमध्ये लोक नेमक्या याच गोष्टींवरून निवड करताना दिसतात. म्हणजे आपण जे मोजतो, ते अनेकदा कायद्याने वर्ज्य केलेले असते. 'जनतेला ख्रिस्ती डॉक्टर हवे आहेत' अशी बातमी तुमच्या तक्त्यावरून कोणीही करू शकेल, आणि तिच्यामागे खरी माणसे उभी असतील, अर्जाचा निकाल लागण्याची वाट पाहणारी. म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा की हे मोजमाप लोकांच्या कलाचे आहे, अर्जांच्या पात्रतेचे नाही. परिशिष्टात नको, पहिल्याच पानावर.

हे मोजायचेच कशाला, असे कोणी विचारेल. बॅन्सॅक, हाइनम्युलर आणि हँगार्टनर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपीय देशांत आश्रयार्थ्यांची वाटणी कशी व्हावी हे तपासले, तेव्हा बहुसंख्यांनी, ज्या देशात पाऊल ठेवले तिथेच अर्ज या त्या वेळच्या पद्धतीपेक्षा, प्रत्येक देशाच्या क्षमतेच्या प्रमाणात वाटणीला पाठिंबा दिला. आपल्या देशाच्या वाट्याला किती येतील हे सांगितल्यावर पाठिंबा घटला, तरी बहुमत टिकले. लोकांच्या मनात न्यायाची काही कल्पना असते, हे अशा वेळी दिसते. सरसकट प्रश्नातून ते कधीच दिसले नसते.

उत्तरदात्यांकडे पाहण्याची जबाबदारीही आपलीच. संमती घ्या, व्यक्ती काल्पनिक आहेत हे सांगा, खोटी आकडेवारी कधीच देऊ नका. अपमानकारक विधान मोजण्यासाठी वापरावे लागलेच तर शेवटी खुलासा करा. उत्तरदात्यांत एखादी व्यक्ती स्वतः आश्रय घेऊन आलेली असू शकते. छळाचे वर्णन वाचताना तिला काय वाटेल, हा विचार प्रश्न लिहितानाच व्हायला हवा, आणि मध्येच थांबण्याचे बटण प्रत्येक पानावर असावे.

सुरुवात लहान करा. चार गुणविशेष, प्रत्येकी दोन किंवा तीन मूल्ये, तीन जोड्या. कागदाच्या चिठ्ठ्या करा, त्या उचलून वर्णने बनवा आणि वेगवेगळ्या वयाच्या वीस ओळखीच्या लोकांना निवडायला सांगा. आकड्यांना अर्थ नसेल, पण प्रत्येक निवडीनंतर 'का?' असे विचारा आणि उत्तर शब्दशः लिहून घ्या. कोणता गुणविशेष कोणाच्या नजरेलाच पडला नाही, कोणत्या शब्दावर लोक अडखळले, कोणी यादीत नसलेली कोणती गोष्ट गृहीत धरली, याची ती वही समोर ठेवून मग खरी प्रश्नावली लिहायला बसा.